कलांगोचं पूर्ण नाव

अंबरनाथ (पूर्व)
६ जानेवारी २०२५

चैत्राली कर्णिक यांस,
सप्रेम जयभीम.

तुमची निमंत्रणपत्रिका मिळाली. तुमचे फोनही येऊन गेले, ते मी उचलले नाहीत. फोनवर माझा आवाज चढतो, मग रडू येतं, आणि तुमच्यापुढे रडायची माझी इच्छा नाही. म्हणून लिहिते आहे. तुम्हीही लेखीच कळवा. नगरपालिकेत जन्म-मृत्यू नोंदणीच्या टेबलावर माझी नोकरी झाली. लेखी असलं म्हणजे मला बरं पडतं.

पत्रिकेत म्हटलं आहे की, सोळा मार्चला पालेगावात तुमच्या वालधुनी कापोएरा ग्रुपच्या हॉलचं उद्घाटन आहे आणि त्या हॉलला 'कलांगो' असं नाव देणार आहात. खाली बारीक अक्षरात छापलं आहे, 'आमचा लाडका कलांगो याच्या स्मरणार्थ'. मी पत्रिका मागून-पुढून वाचली. माझ्या मुलाचं नाव त्यात कुठेही नाही.

त्याचं नाव राजरत्न हरिचंद्र ओव्हाळ. तुम्हाला ते ठाऊक आहे. कलांगो म्हणजे काय ते मी शेजारच्या मुलीला मोबाइलवर बघायला सांगितलं. ती बिचारी सांगायला लाजली. सरडा. माझ्या मुलाच्या नावाने तुम्ही पालेगावात सरड्याचा बोर्ड लावणार आहात.

नोव्हेंबरच्या त्या रविवारी तो बदलापूरच्या मैदानात डोक्यावर पडला. तुमच्या मुलांनी त्याला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं, त्यांचे उपकार मी विसरणार नाही. पण त्या मुलांपैकी एकालाही त्याचं खरं नाव माहीत नव्हतं. घर कुठे, घरी कोण, काही नाही. त्याचा फोन बॅगेत आणि बॅग मैदानावर राहिलेली. मी इकडे मटणाचा रस्सा करून त्याला फोनवर फोन लावत होते. तुम्ही गोव्याला शिबिरात, फोन बंद. तुमचा फोन चालू झाला, तुम्ही मला कळवलंत, मी धावत गेले. तोवर त्याला माझा आवाज ऐकू येत नव्हता. त्याच्या कागदांवर लिहिलं होतं, 'कलांगो, पुरुष, वय अंदाजे तीस'. मृत्यूच्या दाखल्यावर त्याचं नाव लागावं म्हणून मला प्रतिज्ञापत्र करावं लागलं. ज्या खिडकीच्या आत बसून मी लोकांची नावं लिहिली, त्याच खिडकीच्या बाहेर रांगेत उभी राहिले.

तुमच्या ग्रुपमध्ये कुणी कुणाला पूर्ण नाव विचारायचं नाही, असा नियम आहे म्हणे. हा नियम कुणी केला, एवढं मला सांगा. मग बोर्डाचं बघू. माझ्या होकाराशिवाय त्याच्या आठवणीचा बोर्ड लावू नये, ही विनंती.

शीला हरिचंद्र ओव्हाळ


बदलापूर
१५ जानेवारी २०२५

ती. शीलाकाकूंना नमस्कार.

इतकं मराठी मी शाळा सुटल्यानंतर पहिल्यांदाच हाताने लिहिते आहे, अक्षराला हसू नका. पत्रिकेबद्दल माफी मागते. ती छापायच्या आधी तुम्हाला दाखवायला हवी होती. आमच्या तोंडात तेच नाव बसलेलं, त्यामुळे चूक आहे हे कुणाच्या लक्षातच आलं नाही.

तुम्ही नियमाचं विचारलंत. ते सांगायचं तर सुरुवातीपासून सांगावं लागेल, कंटाळू नका. २०१३ साली मी एका शिबिरात कापोएरा शिकून आले. ब्राझीलमध्ये नेलेल्या आफ्रिकी गुलामांनी घडवलेला हा खेळ. मालकाला वाटावं नाच चाललाय, पण असते ती लढाई. गोल करून उभं राहायचं, गाणी म्हणायची, टाळ्या द्यायच्या, आणि मधे दोघांनी एकमेकांना लागू न देता लाथा मारायच्या. बदलापुरात हे शिकायला कुणी येईना. ज्या आया मुलांना घेऊन आल्या त्या 'याचं सर्टिफिकेट मिळतं का' एवढं विचारून गेल्या.

पालेगावात तेव्हा नव्या बिल्डिंगी उठत होत्या. एका साइटवर वाळूच्या ढिगावर एक काटकुळा मुलगा मागे कोलांट्या मारत होता. पडायचा, तोंडातली वाळू थुंकायचा, परत चढायचा. मी विचारलं, "कुणी शिकवलं?" तो म्हणाला, "वाळूने." तोच आमचा पहिला विद्यार्थी. कित्येक महिने आम्ही दोघंच होतो. मी वाजवायला बसले की त्याच्याशी खेळायला कुणी उरायचं नाही, म्हणून तो आपली सायकल स्टँडवर लावायचा आणि तिच्याशी खेळायचा. सायकल एकदाही जिंकली नाही, असं मोठ्या अभिमानाने सांगायचा.

वाद्य लागतं ते बेरिंबाव. धनुष्यासारखं, एका तारेचं, खाली वाळका भोपळा बांधलेला. बाहेरून मागवायची आमची ऐपत नव्हती. तो म्हणाला, "बनवू ना, त्यात काय एवढं?" उल्हासनगर कॅम्प दोनमधल्या भंगारवाल्याकडून जुन्या टायरमधली तार काढून आणली. भोपळा कुठून आणला ते शेवटपर्यंत सांगितलं नाही. पांढऱ्या पँटी शिवायला तिथल्याच एका सिंधी अंकलकडे गेलो. अंकलनी विचारलं, "ये नाच का है या मारामारी का?" हा म्हणाला, "दोनों का, अंकल." अंकलनी कात्री खाली ठेवली. "पहले तुम लोग डिसाइड करो बेटा, फिर मैं काटूँगा." वर्षानुवर्षं आमच्या पँटी तेच शिवतात आणि दर वेळी हेच विचारतात.

ग्रुपचं नाव त्याने ठेवलं. मी म्हटलं, "अरे वालधुनी? लोक नाक धरून पूल ओलांडतात." तर म्हणाला, "नदीच होती ना ती. आपण नदी म्हणत राहू." मग उद्यान, मग एका सोसायटीची गच्ची, मग कुणाचं पार्किंग, असं करत अंबरनाथची बॅच झाली, उल्हासनगरची झाली, बदलापूरची झाली. आता शंभराच्या वर मुलं आहेत. त्यातली निम्मी त्याने आणलेली.

आता नावाचं. ब्राझीलमध्ये या खेळावर बंदी होती. पोलिसांना खरं नाव कळू नये म्हणून टोपणनावाची रीत पडली, आणि ती नावं मुद्दाम हसण्यासारखी असतात. आमच्याकडे तिकडचे एक गुरुजी आले होते, त्यांनी ठेवली. मी कोरुजा, म्हणजे घुबड. तो चार हातपायांवर जमिनीलगत असा सरकायचा की नजर पोचायची नाही, म्हणून कलांगो. अपमान करायचा नव्हता, काकू.

आणि पूर्ण नाव न विचारायचा नियम माझा. तेव्हा माझ्या डोक्यात खूळ होतं की इथे सगळे सारखे दिसले पाहिजेत. राजरत्नला तो फारसा पटला नव्हता. माझ्या शब्दाखातर त्याने पाळला. त्या दिवशी तो शुद्धीत नव्हता, नाहीतर त्यानेच नाव सांगितलं असतं. जे झालं त्याचा दोष माझा आहे.

तुमची,
चैत्राली


अंबरनाथ (पूर्व)
२८ जानेवारी २०२५

चैत्राली कर्णिक यांस,
सप्रेम जयभीम.

पत्र मिळालं. आधी भोपळ्याचं सांगते. तो भोपळा माझा. मी बी धरायला म्हणून गॅलरीत टांगून वाळवला होता. तो गेला तेव्हा माझा संशय शेजारच्या सगुणाबाईंवर. त्यांच्याशी मी कितीतरी दिवस बोलले नाही, आणि हा रोज माझ्यासमोर बसून जेवायचा. वर मलाच समजवायचा, "जाऊ दे ना आई, भोपळाच तर आहे." तुमचं पत्र वाचून मी सगुणाबाईंकडे जाऊन आले. दोघी हसलो आणि मग दोघी रडलो.

पण तुमच्या नियमाचं मला हसू आलं नाही. सगळे सारखे दिसावेत म्हणता. आडनाव विसरणं तुम्हाला परवडतं, कर्णिकबाई. तुमचं कुणी विसरलं तरी तुमचं काही जात नाही. माझ्या सासऱ्यांचं नाव कचरू. त्यांच्या थोरल्या भावाचं धोंडिबा, धाकटा दगडू. ही नावं त्यांच्या आईबापाने हौसेने नव्हती ठेवली. चांगलं नाव ठेवलं तर गावाला खपत नसे. छपन्न साली सासरे वीस वर्षांचे होते. नागपुरातून दीक्षा घेऊन परत आले ते ठरवूनच की आता घरात जन्मेल त्याचं नाव असं ठेवायचं की हाक मारणाऱ्याला मान वर करावी लागेल. म्हणून माझ्या घरात राजरत्न आला. बाबासाहेबांच्या धाकट्या लेकाचं नाव. सासूबाई म्हणाल्या होत्या, "ते बाळ लवकर गेलं गं, दुसरं ठेव." मी ऐकलं नाही. रोज ते आठवतं.

आणि तुमचे गुरुजी साता समुद्रापलीकडून आले आणि त्याला सरडा करून गेले. गुलामांची रीत म्हणता. आम्ही ती रीत टाकायला तीन पिढ्या खर्ची घातल्या.

मला तो सांगायचा, जिममध्ये शिकवतो. पांढरी पँट मीच धूत होते. गुडघ्यावर मातीचे डाग असायचे. मी म्हटलं, "जिममध्ये माती कुठली रे?" तर गालाला हात लावून म्हणायचा, "आई, तू सीआयडीत जायला हवं होतंस." मग एकदा मोबाइलवर तुमचा नाच दाखवला. मी म्हटलं, मला बघायला ने. म्हणाला, पुढच्या रविवारी. असे पुष्कळ रविवार गेले. मी नंतर विचारायचं सोडून दिलं.

दोन गोष्टी सांगते. बोर्डावर 'राजरत्न हरिचंद्र ओव्हाळ' हे पूर्ण नाव हवं. कंसात किंवा खाली कुठेही कलांगो नको. आणि दुसरं, तो शुद्धीत नव्हता असं तुम्ही लिहिलं आहे. डॉक्टर मला म्हणाले होते की आणलं तेव्हा बोलत होता, तास-दोन तासांनी बिघडलं. मी तेव्हा पुढे विचारण्याच्या अवस्थेत नव्हते. आता विचारते. तो काय बोलत होता? मला बोलवा म्हणाला का? मी त्याची आई आहे, मला हे कळलं पाहिजे.

शीला हरिचंद्र ओव्हाळ


बदलापूर
१० फेब्रुवारी २०२५

ती. शीलाकाकूंना सप्रेम जयभीम.

तुमचं पत्र मी ग्रुपमधल्या मोठ्या मुलांना वाचून दाखवलं. उल्हासनगरचा एक मुलगा उठून बाहेर गेला आणि बराच वेळ आला नाही. मागे आमच्याच एका मुलाला मी खेळता खेळता 'धोंड्या' म्हणून हाक मारली होती, गंमत म्हणून. आता ते तोंड कुठे लपवू असं झालं.

बोर्डाचं तुम्ही सांगाल तसंच होईल. पेंटरला पूर्ण नाव लिहून दिलं आहे. हॉल म्हणजे काय, तळमजल्यावरचा एक लांबट गाळाच आहे. बिल्डरला दुकानांना गिऱ्हाईक मिळेना म्हणून आम्हाला मिळाला. पण समोर पायऱ्या आहेत, आया तिथे बसतात, आणि खिडकीतून मलंगगडाचा डोंगर दिसतो. वाळूचा तो ढीग याच आसपास कुठेतरी होता. राजरत्न पावलं टाकून मोजायचा आणि दर वेळी वेगळीच जागा दाखवायचा.

तो शिकवायचा कसं ते तुम्हाला सांगायचं राहिलं. नवीन मूल घाबरून गोलाच्या कडेला उभं राहिलं की हा त्याच्यासमोर जाऊन मुद्दाम पडायचा. धपकन, ढुंगणावर. मूल हसायचं, की त्याला ओढून आत घ्यायचा. "बघ, सगळ्यात वाईट काय होईल? हे." असं म्हणायचा. मुली त्याच्या बॅचला जास्त यायच्या, कारण तो कुणाच्या अंगावर ओरडायचा नाही. त्याच्या नावाने हाक मारून अजूनही मुलं मागे वळून बघतात. माझंही तेच होतं. अकरा वर्षं माझ्या उजव्या हाताला तो वाजवायला उभा असायचा. ती बाजू मला अजून मोकळी बघवत नाही.

दवाखान्याचं मी तुम्हाला नीट सांगितलं नव्हतं. तुम्हाला त्रास होईल असं वाटलं. रिक्षात आणि दवाखान्यात त्याच्यासोबत वैष्णवी होती. बदलापूरच्या बॅचमधली, कॉलेजला आहे. तो थोडा वेळ बोलत होता. वैष्णवी सांगते की त्याने तुमची आठवण काढली. "आईला बोलवा," असं म्हणाला. मग नंबर सांगायच्या आत त्याला ग्लानी आली. एवढंच झालं, काकू. त्याच्या तोंडात तुमचंच नाव होतं.

तुमची,
चैत्राली


अंबरनाथ (पूर्व)
२१ फेब्रुवारी २०२५

चि. चैत्राली हिस,
सप्रेम जयभीम आणि आशीर्वाद.

तुला अहो-जाहो करून दमले, आता अगं म्हणते. तुझं पत्र आलं त्या दिवसापासून मला झोप लागते आहे. 'आईला बोलवा' एवढे दोन शब्द, पण मला वाटत होतं की तो मला विसरून गेला. नंबर सांगता आला नाही त्याला माझं पोर काय करणार. मी तुझ्यावर फार जळले, ते मनात ठेवू नकोस. तुला तुझं खूळ होतं, पण मन वाईट नव्हतं.

उद्घाटनाला मी येईन. सगुणाबाईंनाही आणते, भोपळा बघायचा म्हणतात.

एक काम कर. त्या वैष्णवीला माझ्याकडे पाठव. तो कसा म्हणाला ते मला तिच्या तोंडून ऐकायचं आहे. हळू म्हणाला की नेहमीसारखा ओरडून. मी तिला काही बोलणार नाही, घाबरू नको म्हणावं. तिला पुरणपोळी आवडते का विचार.

तुझी,
शीलाकाकू


बदलापूर
४ मार्च २०२५

काकू,

वैष्णवी काल तुमच्याकडून निघाली ती सरळ माझ्या घरी आली. चप्पल न काढता आत आली आणि म्हणाली, "ताई, मी नाय बोलू शकले. तुम्ही शिकवलं ते तोंडातच आलं नाय. काकींनी पोळी वाढली आणि विचारलं, कसा म्हणाला गं? मी खरं बोलून गेले." मी तिला पढवून पाठवलं होतं. त्या पोरीला त्यात ओढायला नको होतं. ती म्हणाली, तुम्ही तिचं ताट उचललंत, तिला पाणी दिलंत आणि म्हणालात, आता घरी जा बाळ. तेव्हापासून तुमचा फोन लागत नाही. मी येऊन गेले, दार बंद होतं. सगुणाबाई म्हणाल्या, आत आहेत पण उघडणार नाहीत.

तेव्हा आता मी काही झाकत नाही. 'आईला बोलवा' तो म्हणाला नव्हता. नर्सने नाव विचारलं. तो म्हणाला, "कलांगो." नर्स म्हणाली, पूर्ण नाव सांगा. तो हसला, असं वैष्णवी सांगते, आणि म्हणाला, "पूर्णच आहे." घरी कुणाला कळवायचं विचारलं तर म्हणाला, काय टेन्शन नाय, मी जाईन संध्याकाळी. मग डोळे मिटले. डोक्याला मार होता, काकू. अशा वेळी माणूस काहीही बोलतो, डॉक्टरांनीही मला तसंच सांगितलं. तुम्ही ते मनाला लावून घेऊ नका, असं म्हणायचा मला अधिकार नाही, तरी म्हणते.

आणि नियम माझा नव्हता. तो त्याने केला. गच्चीचं मी लिहिलं होतं ना, ती बदलापूरच्या एका सोसायटीची. सेक्रेटरी फार गोड माणूस. रोज वर यायचा, मुलांना केळी द्यायचा, राजरत्नच्या पाठीवर थाप मारून 'हा आमचा हनुमान' म्हणायचा. एकदा सहज बोलता बोलता त्याने विचारलं, बेटा, आडनाव काय तुझं? राजरत्नने पूर्ण नाव सांगितलं, मोठ्याने, तुम्ही शिकवलंत तसं. सेक्रेटरी म्हणाला, वा, छान. पण त्या 'छान'च्या आधी जरा वेळ गेला. फार नाही. मी तिथेच होते. केळी यायची थांबली आणि पुढच्याच आठवड्यात गच्चीवर टाकीचं काम निघालं. ते काम कधीच झालं नाही.

मी चिडले होते, भांडायला निघाले होते. तो हसत होता. नव्या जागेच्या पहिल्याच दिवशी मुलांना म्हणाला, "आजपासून इथे पूर्ण नाव विचारायचं नाही. जो विचारेल तो दहा सपाटे मारणार." मुलांना खेळच वाटला. घरी जाताना मी म्हटलं, तुझ्या आईला हे आवडेल का? तो म्हणाला, "आईला नको सांगू. तिला वाटेल मी लाजतो. मी लाजत नाय. फक्त तो मधला टाइम असतो ना, नाव सांगितल्यानंतरचा, तो मला नको. इथे तरी नको." मला सगळ्यात जास्त तो आवडला असेल तर त्या दिवशी. त्याला मी शब्द दिला होता, म्हणून तुम्हाला खोटं लिहिलं. दुसरं कारण असं की तुम्ही मला दोषी मानणं मला सोपं वाटलं, तुम्ही त्याच्यावर रागावणं अवघड.

पेंटरने बोर्ड अर्धा रंगवला आहे. पूर्ण नावाचाच. तुम्ही सांगाल ते करू. तुम्ही या, एवढंच मागते.

चैत्राली


अंबरनाथ (पूर्व)
९ मार्च २०२५

चैत्राली,
जयभीम.

वैष्णवीवर मी रागावले नाही, तिला सांग. ती एकटी पोर तीन तास त्याच्याजवळ बसली, त्याची आई नव्हती तेव्हा. तिच्यासाठी उरलेल्या पोळ्या तशाच डब्यात होत्या, त्या सगुणाबाईंना दिल्या.

तुझ्यावर रागावू की नको ते मला ठरवता येत नाही. तू मला दोन शब्द दिलेस आणि काढून घेतलेस. ते खोटे होते हे कळूनही अंथरुणावर पडलं की मी तेच म्हणते. दुसरं म्हणायला माझ्याजवळ काही नाही.

डोक्याला मार होता म्हणतेस. मी शाळेत शिकलेली बाई आहे, मला समजतं. पण नवरा गेला तेव्हा शेवटी तो त्याच्या आईला हाक मारत होता, आणि ती जाऊन वीस वर्षं झाली होती. मेंदूला काही सुधरत नसतं तेव्हा जे सगळ्यात आतलं असतं तेच तोंडात येतं. माझ्या मुलाच्या आत कलांगो होता. मी ठेवलेलं नाव वरवरचं होतं, ऑफिसात आणि रेशनकार्डावर लावायचं. एवढं मी त्याला नाव दिलं म्हणून मिरवलं, आणि त्याने ते दारात चपलांसारखं काढून ठेवलं. मेलेल्या पोरावर रागावता येत नाही गं. कुणावर रागवायचं ते तरी सांग. त्या सेक्रेटरीला माझं पोर आठवतही नसेल.

मला तो बघायला का नेत नव्हता, ते मात्र आता कळलं. मी आले असते तर पहिल्याच माणसाला जयभीम घातला असता आणि पहिल्याच वाक्यात आडनाव सांगितलं असतं. तेच केलं असतं, मी दुसरं काही करूच शकले नसते. तो मला ओळखून होता. मग त्याचा तो मधला टाइम परत आला असता, सगळ्या पोरांसमोर, आईच्या हाताने. म्हणून पुढच्या रविवारी, पुढच्या रविवारी करत राहिला. माझ्यावर माया होती म्हणून कधी नाही म्हणाला नाही.

बोर्डावर कलांगो लिही. आधी रंगवलेलं पुसायला सांग. पूर्णच आहे म्हणाला ना तो, मग त्याला माझं काही जोडू नका. पेंटर कुरकुर करेल, त्याला समजाव.

उद्घाटनाला मी येणार नाही. रागाने नाही. मी काल तिथे जाऊन आले. तुला सांगितलं नाही, रिक्षा केली आणि गेले. शनिवार होता, आत मुलं होती. शटर अर्धं खाली होतं, त्यामुळे मुलांचे नुसते पाय दिसत होते, पांढऱ्या पँटी आणि पाय, आणि ते वाद्य वाजत होतं. मी पायऱ्यांवर बसले. शेजारी एक बाई बसली होती, मटार सोलत. चांगल्या घरातली वाटली, बोलकी होती. म्हणाली, माझी दोघं आहेत आत, नुसती उड्या मारतात, पण घरी आल्यावर जेवतात चांगलं. मग वर अर्धवट रंगवलेल्या बोर्डाकडे बघून म्हणाली, "हे कोण कळत नाही, मोठे सर होते म्हणतात, फार चांगले होते." तिने चार दाणे माझ्या हातावर ठेवले आणि विचारलं, "तुमचं कोण आहे आत?"

त्याच्यासाठी मी आयुष्यात पहिल्यांदा नाव सांगायचं टाळलं. म्हटलं, "आत माझं कुणी नाही."

शीला हरिचंद्र ओव्हाळ